धोरणाची किंमत कोणी मोजली?

पेडण्याहून बांद्याकडे जाताना सीमेवर पत्रादेवी लागते. हमरस्त्यावरील वाहने तेथे क्षणभरही न थांबता निघून जातात; आम्हीही अनेकदा तसेच गेलो आहोत. परंतु ज्या कुटुंबांच्या सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या सावंतवाडी संस्थानाशी जडलेल्या आहेत, त्यांनी तरी हे स्थळ इतक्या सहजपणे मागे टाकू नये, असे आम्हांस वाटते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातील तरुण कर्नैलसिंग येथेच धारातीर्थी पडला. मध्य प्रदेशातील सागरच्या सहोद्राबाई राय हाती तिरंगा घेऊन पुढे होत्या. त्यांना गोळ्या लागल्या, पण त्या बचावल्या. त्या एका दिवसात गोव्याच्या निरनिराळ्या सीमांवर मिळून वीसाहून अधिक माणसे मारली गेली. गोव्याशी ज्यांचा ना जन्माचा संबंध ना जमिनीचा, अशीही माणसे त्यांत होती.

यानंतर हिंदुस्थान सरकारने काय केले? १ सप्टेंबर १९५५ रोजी पणजीतील आपली वकिलात बंद केली, सामुदायिक सत्याग्रहास मनाई केली आणि आर्थिक नाकेबंदी आवळली. सैन्य धाडले नाही. त्यामागे एक तत्त्व होते. १९५४ साली पंचशीलाचा उच्चार झालेला. १९५५ च्या एप्रिलात बांडुंग येथे आशिया-आफ्रिकेची राष्ट्रे एकत्र बसलेली. कोणत्याही गटाच्या दावणीला न बांधता आपले मत आपणच ठरवू, आणि तंटे वाटाघाटींनी मिटवू, असे पंडित नेहरू जगास सांगत होते. जो दुसऱ्यास शस्त्र खाली ठेवावयास सांगतो, त्याने स्वतःच्या अंगणात ते उचलावे कसे?

हे धोरण आम्हांस आजही योग्य वाटते. पोर्तुगाल हा नाटोचा संस्थापक सदस्य; अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी २ डिसेंबर १९५५ च्या संयुक्त पत्रकात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा 'प्रांत' म्हणून होऊ दिला. अशा वेळी बलाढ्यांच्या मर्जीसाठी मान न तुकविणे हे लहान धैर्य नव्हे. परंतु त्या धैर्याचे मोल दिल्लीत मोजले गेले नाही. ते मोजले आग्वादच्या तुरुंगात खितपत पडलेल्यांनी आणि सीमेपलीकडे दिलेल्या लेकीचे तोंड पाहण्यास पारख्या झालेल्या आयांनी. डिचोलीच्या डोंगरांतील लोहखनिज मात्र मांडवीतून सुखेनैव परदेशी जात राहिले! ज्यांच्या माथी ही प्रतीक्षा मारली गेली, त्यांना कोणी विचारले होते काय? श्रीकृष्णाने पाच गावांवर तडजोड होते का पाहिले, म्हणून त्याची शिष्टाई आपण वाखाणतो. पण त्या तेरा वर्षांत द्रौपदीने काय सोसले, ते शिष्टाईच्या हिशेबात कोठे येते?

अखेरीस १९६१ च्या डिसेंबरात शस्त्र उचललेच. १८ तारखेच्या पहाटे भारतीय सैन्य पुढे सरकताच पोर्तुगीजांनी डिचोली, अस्नोडा व शापोरा येथील पूल उडविले. १९ रोजी सारे संपले. भारताचे २२ आणि पोर्तुगीजांचे सुमारे ३० सैनिक कामास आले. सुरक्षा समितीत अमेरिका व इंग्लंड यांनी युद्धबंदीचा ठराव आणला, तो सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने पडला. आणि अहिंसेचे धडे देणाऱ्यानेच बळ वापरले, असा टोमणा पश्चिमेकडून आला. टोमणा सर्वस्वी पोकळ नव्हता, हे मान्य करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. चौदा वर्षे कोणी थांबले होते, हे मात्र टोमणे मारणाऱ्यांनी पाहिले नाही.

ही जीवितहानी याहून कितीतरी मोठी झाली असती. जिंका किंवा मरा, असा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांनी तो पाळला नाही. गोव्याची राखरांगोळी करण्याचे नाकारून त्यांनी शरणागती पत्करली. १९६३ साली त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले आणि सालाझारशाही कोसळल्यावर, १९७४ नंतरच, त्यांचा मान परत मिळाला. आपल्या गावांतील कित्येक घरे आणि देवळे त्या अवज्ञेमुळे उभी राहिली. शत्रुपक्षाच्या मनुष्याचे हे ऋण सांगताना काहींच्या कपाळास आठी पडेल, पडो.

आणखी एक नाव राहिले. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात शिक्षक म्हणून आले, मुक्तिलढ्यात उतरले आणि १९५५ साली पकडले गेले. त्यांना पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात ठेवण्यात आले. १९६१ साली पणजीवर तिरंगा चढला, तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी १९६२ च्या मेपर्यंत मायदेशी परतलेसुद्धा. रानडे मात्र कोठडीतच होते. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत, गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर.