दुसऱ्याच्या अंगणातला गुलाल

५ नोव्हेंबर २००८ ची सकाळ आम्हाला चांगली आठवते. दिवाळीची सुट्टी होती. आम्ही तेव्हा बारावीत होतो. साडेनऊच्या सुमारास मोहल्ल्यातल्या हॉटेलातल्या टी.व्ही.वर बातमी आली की, अमेरिकेत बराक ओबामा निवडून आले. कोपऱ्यात बसलेल्या एका चाचांनी सगळ्यांचा चहा आपल्या खात्यावर लिहायला सांगितला. कुणीतरी म्हणाले, "आखिर नाम में हुसेन है!" सगळे हसले. त्या चहातला एक कप आम्हीही प्यायलो.

आज उर्दू माध्यमाच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना तो चहा आम्हाला अधूनमधून आठवतो. निवडणूक अमेरिकेची, मत अमेरिकनांचे, विजयही त्यांचा. मग गुलाल आमच्या अंगणात का उधळला गेला? आणि उधळला तर त्याचा हिशेब कोणी द्यायचा?

एक गोष्ट आधीच मान्य करू. परक्यांनी बोलूच नये, हे म्हणणे इन्साफाला धरून नाही. ज्या माणसाच्या एका सहीने बगदादवर बॉम्ब पडतात, ज्याच्या धोरणाने मुंबईतले तेलाचे भाव हलतात, तो कोण असावा याबद्दल बगदादच्या आणि मुंबईच्या माणसाला काहीच वाटू नये काय? तेव्हा बी.बी.सी.ने २२ देशांत जनमत आजमावले होते. सगळ्या २२ देशांत पारडे ओबामांकडे झुकलेले होते. मतदानाचा हक्क नसलेल्या जगाने आपले मत असे आधीच सांगून टाकले होते. त्यात वावगे काही नाही.

पण आनंद कशाचा झाला, ते पाहिले पाहिजे. जपानमध्ये फुकुई प्रांतात ओबामा नावाचे एक छोटे शहर आहे. नाव जुळले एवढ्यावर तिथली माणसे नाचली. आपल्या दिल्लीत काही मंडळींनी ओबामांसाठी सोन्याचा मुलामा दिलेली हनुमानाची मूर्ती तयार केली, कारण त्यांच्या खिशात हनुमानाची लहानशी प्रतिमा असते असे छापून आले होते. आमच्या मोहल्ल्याने हुसेन उचलला. ज्याला जो धागा सापडला, त्याने तो धरून नाते जोडले. लग्नाच्या मांडवात दूरचे पाहुणे नाते सांगत येतात, तसेच हे.

केनियाचे नाते मात्र खरे होते. ओबामांचे वडील तिथले, लुओ जमातीचे. कोगेलो गावात त्यांच्या वडिलांची सावत्र आई हयात होती. राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांनी ६ नोव्हेंबरला देशभर सुट्टी जाहीर केली. लोक रस्त्यावर येऊन नाचले. पण याच रस्त्यांवर दहा महिन्यांपूर्वी काय झाले होते? डिसेंबर २००७ मध्ये केनियाची स्वतःची अध्यक्षीय निवडणूक झाली. किबाकी विजयी झाल्याचे जाहीर झाले, लुओ नेते रायला ओडिंगा यांनी निकाल मानला नाही, आणि जमात बघून माणसे मारली गेली. हजाराहून अधिक लोक मेले, सुमारे सहा लाख बेघर झाले. तेव्हा केनियात एक विनोद सांगितला जाई की, लुओ माणूस केनियाच्या आधी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होईल. विनोद खरा ठरला. आम्ही हा विनोद वाचला तेव्हा हसू आले नाही. घरात जो न्याय मिळत नाही, तो दुसऱ्याच्या घरात मिळालेला पाहून माणूस नाचतो. त्या नाचण्याला कोणी पोकळ म्हणू नये.

आणि शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये रडणारी माणसे? त्यांच्या आनंदापुढे आमच्या चहाची काय किंमत! ओबामांनी त्या रात्रीच्या भाषणात अ‍ॅन निक्सन कूपर या १०६ वर्षांच्या मतदार बाईंचा उल्लेख केला. एके काळी त्या बाई म्हणून आणि काळ्या म्हणून मत देऊ शकत नव्हत्या. अमेरिकेत काळ्यांच्या मताला खरे संरक्षण देणारा कायदा १९६५ चा. म्हणजे त्या मैदानातल्या कित्येकांचे आईबाप मताविना जगलेले. त्यांना नाते जोडावे लागले नाही.

आता खरा मुद्दा. त्या प्रचारात ओबामा मुसलमान आहेत अशी कुजबुज सारखी चालू होती. ऑक्टोबर २००८ मध्ये मिनेसोटातल्या सभेत एक बाई जॉन मॅकेन यांना म्हणाल्या, ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी त्यांच्या हातातला माईक घेतला आणि सांगितले की, नाही, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी फक्त मतभेद आहेत. स्वतःच्याच समर्थकांसमोर प्रतिस्पर्ध्याची बाजू घेणे सोपे नव्हते. त्यांची वाहवा झाली, ती योग्यच. पण वाक्य पुन्हा वाचा. अरब आहे काय? नाही, सभ्य आहे. म्हणजे अरब आणि सभ्य यांत निवड करायची!

हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. वर्गात कंपासपेटी हरवली, एखाद्या मुलावर आळ आला, तर त्याची बाजू घेणारा म्हणतो, "सर, तो त्या वस्तीतला नाही, चांगल्या घरचा आहे." एक मूल सुटते, अख्खी वस्ती अडकते. बोलणाऱ्याच्या मनात पाप नसते, म्हणून तर ते लक्षात येत नाही. एकदा स्टाफरूममध्ये आम्हीच असे बोलून गेलो, आणि ज्या शिपाईमामांसमोर बोललो, ते त्याच वस्तीत राहत होते. ते काही बोलले नाहीत. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या हातून चहा घेताना आम्ही खाली बघत होतो.

मॅकेन यांच्या पक्षाचेच कॉलिन पॉवेल १९ ऑक्टोबरला दूरदर्शन मुलाखतीत म्हणाले की, ओबामा मुसलमान नाहीत, ख्रिस्ती आहेत, हे उत्तर बरोबर आहे. पण खरे उत्तर असे की, असले तर काय? या देशात मुसलमान असणे चुकीचे आहे काय? मग त्यांनी एका छायाचित्राबद्दल सांगितले. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत एक आई मुलाच्या कबरीच्या दगडावर डोके टेकून बसली आहे. मुलगा २० वर्षांचा, अमेरिकेचा सैनिक, इराकमध्ये मेला. दगडावर क्रूस नाही, चाँदतारा आहे. आता हेही सांगायला हवे की, ज्या युद्धात तो मुलगा गेला, त्या युद्धाची वकिली याच पॉवेल साहेबांनी ५ फेब्रुवारी २००३ रोजी सुरक्षा परिषदेत केली होती, आणि पुढे ती आपल्यावरचा डाग असल्याचे त्यांनी कबूल केले. योग्य प्रश्न विचारणारा माणूस स्वच्छ हाताचाच असतो असे नाही. तरी प्रश्न योग्यच राहतो.

खुद्द ओबामांच्या गोटात काय होते? जून २००८ मध्ये डेट्रॉइटच्या सभेत हिजाब घातलेल्या दोन तरुणींना कार्यकर्त्यांनी व्यासपीठामागे, कॅमेऱ्यात दिसेल अशा जागी, बसू दिले नाही. नंतर माफी मागितली गेली. आम्ही ज्या नावावर चहा प्यायलो, त्या नावाची त्यांना अडचण होती.

आम्हाला वाटते, हुसेन या नावाला घाबरलेली ती बाई आणि त्या नावावर खूश झालेले आम्ही, यांत अंतर फार नव्हते. दोघांनीही नाव वाचले, भाषणे वाचली नाहीत. पाकिस्तानात लपलेल्या अल-कायदाच्या म्होरक्यांवर तिथल्या सरकारने कारवाई केली नाही तर आम्ही करू, हे ओबामा ऑगस्ट २००७ मध्येच जाहीरपणे बोलले होते. २० जानेवारी २००९ ला पूर्ण नाव उच्चारून त्यांनी शपथ घेतली आणि २३ तारखेला वझिरिस्तानात ड्रोनचे हल्ले झाले. त्या दिवशी हॉटेलात कोणी काही बोलल्याचे आम्हाला आठवत नाही. जूनमध्ये कैरोच्या भाषणात त्यांनी अस्सलामु अलैकुम म्हटले, तेव्हा मात्र पुन्हा वाहवा झाली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही विधानसभेच्या निवडणूक कामाच्या प्रशिक्षणात होतो. ट्रम्प पुन्हा निवडून आल्याची बातमी ताजी होती. तामिळनाडूतले तुलसेंद्रपुरम हे कमला हॅरिस यांच्या आजोबांचे गाव. २०२० मध्ये त्या उपाध्यक्षपदी निवडून आल्या तेव्हा तिथे फटाके वाजले होते, यंदा ते शांत होते. मिशिगनमधल्या डिअरबॉर्नमध्ये अरबांची मोठी वस्ती आहे. गाझाच्या रागाने तिथल्या अनेकांनी हॅरिस यांना मत दिले नाही, आणि त्या शहरात ट्रम्प पहिले आले. जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी म्हणाले, "आता भोगतील आपल्या कर्माची फळं." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "घरातली माणसं मेली असतील तर कुणाला मत द्यायचं हो?" दोघांनीही आमच्याकडे पाहिले, जणू उत्तर आमच्याकडेच असणार. एवढ्यात साहेबांनी मतदान यंत्र जोडून दाखवायला बोलावले. आम्ही डबा बंद करून उठलो.