गोंदण कोणाचें?

जळगांव व धुळें या दोन्ही शहरांतून अलीकडे टॅटूचीं दुकानें निघालीं आहेत, आणि त्यांच्याकडून बहुधा एक आश्वासन मिळतें: तुमच्यासाठीं खास नमुना काढून देऊं, तो दुसऱ्या कोणाच्याहि अंगावर दिसणार नाहीं. महाविद्यालयांतील मुलें-मुली कारागिराची निवड करितात ती बहुतेक या आश्वासनावरच. अमक्याकडे जाऊं नये, तो मोबाईलवरचें चित्र जसेंच्या तसें उतरवितो. तमक्याकडे जावें, तो 'ओरिजिनल' काढतो, असा निवाडा आमच्या कानांवर वारंवार येतो. वडील मंडळी या सगळ्याच प्रकाराला नाकें मुरडतात, तें निराळें. परंतु मुलांच्या या निवाड्यांत एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे. अंगावर जन्मभर राहणारी आकृति आपली स्वतःची केव्हां म्हणावी? हा प्रश्न सोडविण्यास खानदेशाबाहेर फार लांब जावें लागेल असें आम्हांस वाटत नाहीं.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीं ज्यांचीं लग्नें झालीं अशा आमच्या इकडील आज्यांचे हात पाहावे. कोपरापासून मनगटापर्यंत तुळशीवृंदावन, विंचू, मोर, ठिपक्यांच्या ओळी. कपाळावर व हनुवटीवर एकेक ठिपका. गोंदणारीण गांवोगांव फिरे, जत्रेंत बसे. तीन-चार सुया एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी, तींत झाडपाल्याचा रस, आणि पोरीचें लक्ष वेदनेकडे जाऊं नये म्हणून तोंडाची टकळी चालूच. तिच्याजवळ नमुने फार नव्हते, आणि नवे काढण्याची तिच्याकडून कोणाची अपेक्षाहि नव्हती. शेजारणीच्या हातावर जी तुळस तीच आपल्या हातावर, यांत कोणाला कमीपणा वाटला नाहीं. किंबहुना ती तीच असणें हेंच गोंदवून घेण्याचें कारण. मेल्यावर दागदागिने उतरून घेतात, गोंदण तेवढें बरोबर येतें, ही समजूत तर घरोघरीं होती. म्हणजे जिच्या मालकीचें म्हणण्यासारखें दुसरें कांहीं नव्हतें, तिच्या मालकीचें हें एक. आणि तें मात्र शंभरजणींसारखें!

जें सर्वांचें तें एकीचें कसें, ही विसंगति वाचकांस खटकेल. आम्हांस ती तितकी खटकत नाहीं, कारण वाङ्मयांत ती आपण रोज पाहतों. जळगांवजवळच्या असोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांनीं ओवी निर्माण केली नाहीं. जात्यावर बसणाऱ्या प्रत्येक बाईला ती येत होती. चाल तीच, आणि सासर, माहेर, पेरणी, पाखरें हे विषयहि तेच. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. घरच्या मंडळींनीं टिपून ठेविलें तेवढें राहिलें. १९५१ सालीं त्या वारल्या, पुढील वर्षीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालें, आणि २०१८ सालीं जळगांवच्या विद्यापीठाला त्यांचें नांव मिळालें. सबंध खानदेशांत लाखों बायकांनीं त्याच सांच्यांत ओव्या घातल्या असतील. परंतु बहिणाबाईंची ओवी दुसरीची म्हणून खपणार नाहीं. त्यांनीं सांचा बदलला नाहीं, पाखराकडे मात्र स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीला तरी गीतेची नक्कल असें कोण म्हणतो?

नक्कल हा शब्द आपण आतां तुच्छतेनें उच्चारतों. तो नेहमींच तसा नव्हता. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली, आणि पुढें मठामठांतून रामदासी वाङ्मयाचीं हस्तलिखितें गोळा केलीं. श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत तीं जपून ठेविलेलीं आहेत. अशा बाडांतील पुष्कळशीं नकलाच असतात. दुसऱ्याची पोथी पुढें ठेवून, अक्षर न् अक्षर उतरून काढलेलीं. तें काम करणाऱ्याला लाज नव्हती, उलट पुण्य लागत होतें. कारण ग्रंथ माझा असें तो म्हणत नव्हता. जत्रेंतला गोंदणारा पाटीवर मारुति, ॐ, बदाम, फुलें यांचे नमुने मांडून बसतो व 'यांतला कोणता?' असें विचारतो, तो आमच्या मतें अगदीं प्रामाणिक मनुष्य होय. परदेशांतील एका कारागिरानें एका विशिष्ट माणसासाठीं काढलेलें चित्र मोबाईलवरून उचलून, त्यांतील पिसाचें तोंड इकडचें तिकडे फिरवून, 'हें खास तुमच्यासाठीं' म्हणून चौपट दाम घेणारा प्रामाणिक नव्हे, मग त्याच्या हाताची सफाई कितीहि असो.

या फसवणुकींत पुष्कळदां गिऱ्हाईकच भागीदार असतें. समजा, एखाद्या मुलीनें वडील वारल्यावर त्यांच्या शेवटच्या पत्रांतील सही, त्यांच्या हाताच्या कंपासकट, आपल्या मनगटावर गोंदवून घेतली, आणि कारागिरानें त्याचें छायाचित्र जगापुढें मांडलें. तें पाहून दुसऱ्या गांवचा एक तरुण दुकानांत येतो व म्हणतो, मला असेंच पाहिजे. सही तर दुसऱ्याच्या बापाची. मग त्याला पाहिजे तें काय? कांपरी रेघ सुंदर दिसते, एवढेंच त्याला दिसलें. ती कां कांपली हें त्याच्या मनगटावर उतरूंच शकत नाहीं. याला चोरी म्हणावी तर जें मोलाचें तें जागच्या जागींच राहिलें. म्हणूं नये, तर त्या मुलीला तें परक्या हातावर पाहून जें वाटेल त्याला नांव काय द्यावें? आम्ही त्याला तोतयेगिरी म्हणूं. सदाशिवरावभाऊंचा जो तोतया उठला होता व ज्याला १७७६ सालीं देहांत शासन झालें, त्याच्या चेहऱ्यांत भाऊंचें साम्य होतें हा कांहीं त्याचा अपराध नव्हता. 'मीच तो' असें तो म्हणाला, हा होता.

कायदा या बाबतींत आपल्याला थोडेंच अंतर नेतो. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा मूळ कलाकृतीस संरक्षण देतो. परंतु मूळ म्हणजे पूर्वीं कधींच न झालेली असा त्याचा अर्थ नव्हे. ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं म्हटलें तें असें कीं, नुसते कष्ट पुरे नाहींत आणि अपूर्वताहि लागत नाहीं. कर्त्याच्या स्वतःच्या बुद्धीचा कांहीं अंश मात्र दिसला पाहिजे. अमेरिकेंत माइक टायसन या मुष्टियोद्ध्याच्या चेहऱ्यावर व्हिटमिल नांवाच्या कारागिरानें २००३ सालीं गोंदण केलें होतें. २०११ सालीं एका विनोदी चित्रपटांत तसेंच गोंदण दुसऱ्या नटाच्या चेहऱ्यावर दाखविलें गेलें, तेव्हां व्हिटमिलनें चित्रपटाच्या कंपनीवर दावा लाविला व शेवटीं तडजोड झाली. गंमत अशी कीं, ज्या आकृतीवर तो हक्क सांगत होता तिचें वळण न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या मुखगोंदणासारखें, आणि माओरी लोकांत चेहऱ्यावरील रेघा माणसाचें कुळ व वंशावळ सांगतात. आमचें घेतलेंत त्याचें काय, असा प्रश्न त्यांच्याकडून आलाच. दावा लावणारा आणि कंपनी यांच्या तडजोडींत त्याला उत्तर नव्हतें.

हाच प्रश्न आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशीं उभा आहे. शिरपूर, चोपडें, यावल या तालुक्यांच्या डोंगराकडील भागांत, तसेंच १९९८ सालीं धुळ्यापासून निराळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत, वयस्क भिल्ल स्त्रियांच्या डोळ्यांच्या कडेला गोंदण दिसतें. तेवढ्या खुणेवरून ती बाई कोण हें ओळखूं येतें. शहरांतल्या दुकानांत 'ट्रायबल' या नांवाखालीं जीं काळीं, टोंकदार वळणांचीं चित्रें मिळतात तीं पॅसिफिक महासागरांतील बेटांचीं, पाश्चात्य देशांच्या वाटेनें आलेलीं. शेजारच्या डोंगरांतील ही खूण त्या वहींत सहसा नसते. एका परीनें तें बरेंच. उद्यां ती कोणाला 'ओरिजिनल' वाटून शहरी गालांवर उमटूं लागली, तर तिच्यापायीं बाजारांत, एसटींत, दवाखान्यांत जी अवहेलना भिल्ल बाईच्या वांट्याला आली असेल ती तो हौशी मनुष्य घेणार नाहीं. शोभा तेवढी घेईल. तुळस आणि ही खूण यांत आम्ही भेद करितों तो यासाठीं. तुळस कोणीहि आपल्या दारीं लावावी. दुसऱ्याची ओळख मात्र त्याला न विचारतां आपल्या तोंडावर लावूं नये.

जुन्या गोंदणाचें गुणगान करितांना त्याची दुसरी बाजू झांकून ठेवणेंहि बरें नव्हे. आज्यांपैकीं कितीकींचें गोंदण त्या लहान पोरी असतांनाच झालें. दोघीतिघींनीं हात धरून ठेविले, आणि काय गोंदावयाचें हें आईनें किंवा आत्यानें सांगितलें. एकच सुयांचा जुडगा आळीभर फिरे तें वेगळेंच. कंपनी सरकारच्या अमदानींत बंगाल व मद्रास इलाख्यांत जन्मठेपीच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवीत. ती चाल १८४९ सालीं बंद झाली. दुसऱ्याच्या अंगावर आपण लिहावयाचें, याचें तें टोंक होय. आणि पोरीला न विचारतां तिच्या तोंडावर जातीची खूण उमटविणें त्या टोंकापासून फार लांब आहे, असें छातीवर हात ठेवून आम्हांस म्हणवत नाहीं. म्हणूनच 'मला हवें तेंच मी काढीन' या मुलांच्या हट्टांत आम्हांस उद्धटपणा दिसत नाहीं. सरकारचा न्याय मात्र अजून उलटा आहे. सैन्यभरतीच्या नियमांत हौसेचें गोंदण हाताच्या ठराविक भागावर असेल तरच चालतें. आदिवासी जमातींच्या रूढीप्रमाणें असलेल्या गोंदणास निराळी सवलत. रूढीनें उमटविलें तें क्षम्य, स्वतः निवडलें त्याची तपासणी! दंडावर सिंह काढून घेऊन मग भरतीच्या रांगेंत उभे राहणाऱ्या आमच्या जिल्ह्यांतील मुलांनीं हें आधींच पाहून घेतलेलें बरें.

मग कारागीर पारखावा कसा? यंत्रावरून नव्हे. न्यूयॉर्कच्या ओरायली यानें एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून गोंदण्याचें यंत्र बनवून १८९१ सालीं त्याचें पेटंट घेतलें. आज तसलें यंत्र कोणालाहि विकत मिळतें. नवी सुई व स्वच्छ हात हीं तर गृहीतच धरावींत. आमच्या मतें पाहावयाचें तें हें कीं, हा मनुष्य विचारतो किती. शिंपी सदऱ्याचा नवा आकार शोधून काढीत नाहीं. तरी त्यानें बेतलेला सदरा आपलाच असतो, कारण त्यानें आपलें माप घेतलेलें असतें. चित्र कोठून आणलें, तें कोणासाठीं काढलेलें होतें, त्यांतलें तुम्हांला नेमकें काय हवें, बारीक रेघा दहा-पंधरा वर्षांनीं फुटतील त्याचें काय, हें जो विचारतो, आधीं कागदावर काढून दाखवितो, आणि प्रसंगीं 'हें मी करणार नाहीं' असें म्हणतो, तो माप घेणारा. असा नकार दिला कीं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानांत जातें, आणि दुकानाचें भाडें तर महिन्याच्या महिन्यास भरावयाचें असतें, हें आम्ही जाणतों.

या कारागिरांपुढील अवघड काम म्हणजे आजीच्या हातावरचें गोंदण नातीला हवें असतें तें. ही उघड उघड नक्कल, आणि तरी तिच्याइतकें खास दुसरें काय असणार? पण आजीच्या हातावरील ठिपके इतक्या वर्षांत फुटून हिरवट झालेले, विंचवाची नांगी सुरकुत्यांत हरवलेली. नातीच्या हातावर काय काढावें? गोंदणारिणीनें त्या दिवशीं काढलें तें, कीं आज दिसतें तें? पहिलें काढलें तर नातीनें कधींच न पाहिलेली आकृति तिच्या हातावर येणार. दुसरें काढलें तर कोवळ्या हातावर म्हातारपण काढल्यासारखें होणार. संगणकावर साऱ्या रेघा सरळ करून देणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाहीं. ज्याला पडतो, आणि जो यंत्र खालीं ठेवून 'आजी आहेत का?' असें विचारतो, त्याच्याकडे आम्ही आमची मुलगी खुशाल पाठवूं. आजी असतील तर त्यांना बरोबर न्यावें. नांगी डावीकडे वळली होती कीं उजवीकडे, हें त्यांना बहुधा अजून आठवत असेल. आणि त्या दिवशीं हात कोणी धरून ठेविला होता, तेंहि.