मन प्रकृतीच्या बाजूला

वसतिगृहाच्या खोलीतून दिवसदिवस बाहेर न पडणाऱ्या विद्यार्थ्याला ‘मन खंबीर कर’ असे सांगणारा माणूस, नकळत का होईना, एक तत्त्वज्ञान मांडत असतो. आत कुणी धनी बसला आहे, त्याने हुकूम सोडला की मन ऐकेल, आणि देह हा नुसता गडी. सांख्य दर्शनाचा ग्रंथ असलेल्या ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत वाटणी वेगळी आहे. तिथे रेघ देह आणि मन यांच्यामध्ये ओढलेलीच नाही. बुद्धी, अहंकार, मन, इंद्रिये हे सारे प्रकृतीच्या, म्हणजे जड सृष्टीच्या, बाजूला, आणि पलीकडे केवळ साक्षी असलेला पुरुष. मन तर चक्क अकरावे इंद्रिय. १६४३ साली बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने तत्त्वज्ञ देकार्तला विचारले होते की निराकार आत्मा देहाला हलवतो तरी कसा. सांख्यांच्या मनापुढे हा प्रश्न उभा राहत नाही, कारण मन आणि स्नायू त्याच त्रिगुणांचे बनलेले. (पुरुषाचा प्रकृतीशी संबंध कसा, ही अडचण त्यांनाही सुटलेली नाही, पण तो वेगळा वाद.) मन जर प्रकृतीतलेच असेल, तर ते उपदेशाने नव्हे, परिस्थितीने बदलेल; आणि खेळ, व्यायाम हा त्या परिस्थितीचाच भाग.

अर्थात तत्त्वज्ञान जुळले म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. विद्यार्थ्यांची पाहणी करून ‘खेळणारे आनंदी असतात’ असे म्हणणाऱ्यांना साधा आक्षेप घेता येतो: उदास मुले खेळायला जातच नाहीत, मग कारण कुठले आणि परिणाम कुठला? म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग महत्त्वाचे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ब्लुमेन्थल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नैराश्याच्या १५६ रुग्णांवर असा प्रयोग प्रसिद्ध केला. १६ आठवड्यांनी व्यायामाचा गट आणि औषधाचा गट जवळपास बरोबरीने सुधारला होता. औषधाचा गुण सुरुवातीला लवकर आला, एवढाच फरक. हे रुग्ण पन्नाशीचे किंवा त्यापुढचे होते, विशीतले नव्हते, आणि बनावट गोळी घेणारा गटही नव्हता. त्यामुळे ‘गोळ्या फेका, धावायला लागा’ असा अर्थ त्यातून काढणे बेजबाबदारपणाचे.

याहून अवघड पुरावा ब्रिटनमधला आहे. २०१२ च्या एका चाचणीत ३६१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर हालचाल वाढवण्यासाठी मार्गदर्शकाची मदत दिली. हालचाल वाढल्याचे त्यांनी सांगितले, उदासी मात्र नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली नाही. मग सिद्धान्त कोसळला का? मला तसे वाटत नाही. ड्यूकमधले लोक आठवड्यातून तीनदा ठरल्या वेळी, देखरेखीखाली, इतरांसोबत व्यायाम करत होते. ब्रिटनमध्ये सल्ला घेऊन ज्याचा तो घरी. फरक यातच असावा, असा माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण तालमीत वस्ताद असतो, जोडीदार असतो आणि न आल्यास विचारणा होते, हे आपल्याला परके नाही.

उरतो सर्वांत रास्त आक्षेप. फी थकलेली, भरती लांबलेली, जातीवरून टोमणे खाल्लेले, अशा मुलाला जोर-बैठका सांगणे म्हणजे व्यवस्थेचा दोष त्याच्या अंगावर ढकलणे नाही का? व्यायाम हा मुलाचा वैयक्तिक धर्म मानला तर तसेच होते. सांख्यांची वाटणी मानली तर जबाबदारी उलटी फिरते: खंबीरपणाची मागणी मुलाकडे करण्याआधी मैदानावर दिवे, वेळापत्रकात मोकळा तास आणि मुलींनाही निर्धास्तपणे खेळता येईल अशी जागा यांची मागणी विद्यापीठाकडे करावी लागते. थकलेली फी त्याने फिटणार नाही. तिच्यासाठी वेगळेच भांडावे लागेल.