न उच्चारलेला शह

भाचीला बुद्धिबळ शिकवताना आमच्या घरची जुनी रीत मी तशीच चालवली: राजावर मारा आला की मोठ्याने ‘शह’ म्हणायचे. या रीतीत माया आहे, पण त्यामुळे शिकणाऱ्याच्या मनात एक समजूत रुजते, की संकट आले की कोणीतरी सांगेलच. वजिरावर किंवा कोपऱ्यातल्या हत्तीवर चालून आलेला मोहरा मात्र काही बोलत नाही. स्पर्धांच्या नियमांत तर शह उच्चारण्याचेही बंधन नाही. नवशिक्याचे बहुतेक डाव या शांततेत बुडतात.

तिचा एक डाव मनातून जात नाही. आम्ही दोघांनी राजापुढची प्यादी दोन-दोन घरे सरकवली. मी वजीर तिरका पटाच्या कडेला नेला, तिच्या त्या प्याद्यावर नजर ठेवून. तिने वजिराकडचा घोडा काढून प्याद्याला जोर दिला. मी राजाकडचा उंट बाहेर आणला, आणि तिचा चेहरा उजळला: दुसरा घोडा उडवून तिने थेट माझ्या वजिरावरच हल्ला केला. पुढच्याच खेळीला माझ्या वजिराने तिच्या राजाशेजारच्या उंटापुढचे प्यादे मारले आणि मात झाली. डावाच्या आरंभी त्या प्याद्याला एकट्या राजाचाच जोर असतो. माझ्या वजिरामागे उंटाचा जोर होता, म्हणून राजाला तो मारता येईना. घोडा उडवण्याऐवजी त्याच्यापुढचे प्यादे एक घर सरकवले असते, तर वजिराची वाट अडली असती. मग वजीर दुसऱ्या बाजूने येऊन पुन्हा तोच धाक घालतो, आणि तेव्हा तोच घोडा त्याच घरात जाऊन वाट बंद करतो. खेळी तीच; एका चालीच्या फरकाने घातक किंवा तारक.

तिचे चुकले कुठे? उंट तिच्या डोळ्यांसमोर हलला होता. पण तो हलत असताना ती स्वतःच्या घोड्यात रमली होती. मला वाटते, धोका दिसत नाही तो लपलेला असतो म्हणून नव्हे. समोरच्यालाही मन आहे, हे आपण तेवढ्यापुरते विसरतो म्हणून.

हे केवळ नवशिक्यांचे दुखणे नाही. १९५६ साली अ‍ॅम्स्टरडॅमला, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत, तिग्रान पेत्रोस्यान आणि डेव्हिड ब्रॉन्स्टीन समोरासमोर होते. पेत्रोस्यानने डाव पूर्ण आवळला होता. ब्रॉन्स्टीनपाशी मोहरे इकडचे तिकडे करण्यापलीकडे काही उरले नव्हते. अशाच एका चालीत त्याचा घोडा पेत्रोस्यानच्या वजिरावर आला. पेत्रोस्यानने आपला घोडा पुढे घातला, वजीर गेला, आणि त्याने तिथेच डाव सोडला. हाच पेत्रोस्यान १९६३ ते १९६९ जगज्जेता होता, आणि प्रतिपक्षाचा बेत उमलण्याआधीच खुडण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे झाले. समोरचा बराच वेळ गप्प राहिला की त्याच्याकडे सांगण्यासारखे काहीच नाही, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्ष जगज्जेताही यातून सुटत नाही: २००६ मध्ये बॉन येथे व्लादिमीर क्रामनिक हा त्या वेळचा जगज्जेता ‘डीप फ्रिट्झ’ या संगणक-प्रोग्रामविरुद्ध एका खेळीत होणारी मात पाहू शकला नाही. त्या डावाची नोंद मी जेव्हा जेव्हा उघडतो, तेव्हा पोटात कालवते.

आपल्या जुन्या खेळातला ‘जोर’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. नवशिका मोहऱ्यांची ताकद मोजतो. कोणामागे कोण उभे आहे, हे मोजत नाही. मोहरा हलतो तेव्हा तो नव्या घरात पोचतोच, पण जुने घर रिकामे करतो, कोणाचा तरी जोर काढून घेतो, मागे दबलेल्या हत्तीची किंवा उंटाची वाट मोकळी करतो. आपण पोचलेल्या घराकडे पाहतो. सोडलेल्या घराकडे पाहायला वेगळी शिस्त लागते.

ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोटोव्हने अशी एक शिस्त लिहून ठेवली आहे. तिचे श्रेय तो बेंजामिन ब्लुमेनफेल्डला देतो: विचार संपला की खेळी आधी कागदावर लिहावी, मग पटाकडे अगदी कच्च्या खेळाडूच्या नजरेने पाहावे, आणि मगच मोहरा उचलावा. म्हणजे मुरलेल्याने क्षणभर नवशिक्याकडून डोळे उसने घ्यायचे! २००५ मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने आधी लिहून मग खेळण्यास मनाई केली. लिहायचे गेले, पण मधला तो विराम कोणी काढून घेतलेला नाही. एकदा हात लागला की तोच मोहरा खेळायचा, हा नियम असताना हात आणि पट यांच्यातले ते वीतभर अंतर फार महत्त्वाचे असते.

भाचीला मी यातले काही सांगितले नव्हते. सुट्टी संपत आली तेव्हाच्या एका डावात माझी खेळी झाल्यावर ती उठली, पटाला वळसा घालून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, “मामा, तुझ्या बाजूने माझा उंट किती एकटा दिसतो रे.”