मूल कोणाच्या बाजूचे?



प्रथम ख्रिस्तप्रसादाचा दिवस होता. मिस्सा संपली होती आणि आवारात फोटो काढणाऱ्यांची गर्दी उसळली होती. पांढऱ्या पोशाखातले एक मूल मात्र ग्रोटोपाशी एकटेच उभे होते. आई एका फाटकाजवळ, वडील दुसऱ्या फाटकाजवळ. दोघांच्याही हातांत भेटवस्तू. आधी कोणाकडे जावे हे त्या मुलाला कळेना. एकाकडे गेलो की दुसऱ्याचा चेहरा पडणार, हे त्याला ठाऊक होते. नऊ-दहा वर्षांच्या जिवावर केवढे हे ओझे!

अशी मुले आपल्या धर्मग्रामात आहेत. आज त्यांच्याविषयी बोलू या.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण पती-पत्नीचा वाद कधीकधी तेथवर पोहोचतोच. अशा वेळी एक गोष्ट माहीत असावी. १९८४ साली आपल्या देशात कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. पुणे आणि मुंबई येथे १९८९ साली अशी न्यायालये सुरू झाली. या कायद्याने न्यायाधीशांवर एक आगळे कर्तव्य सोपवले आहे : निकाल देण्याआधी, शक्य असेल तेथे, समेटासाठी प्रयत्न करणे. त्यासाठी न्यायालयात समुपदेशक असतात. जेथे कुटुंब न्यायालय नाही तेथे असे दावे जिल्हा न्यायालयात चालतात. तेथेही मध्यस्थीचा मार्ग उपलब्ध असतो.

समेट म्हणजे दरवेळी पुन्हा एकत्र नांदणे असे नाही. दोघे वेगळे झाले तरी मुलाची शाळा, त्याचे आजारपण, नाताळची सुट्टी, आजी-आजोबांची भेट यांविषयी भांडण न करता ठरवणे, हाही समेटच आहे. मध्यस्थ कोणाची चूक किती हे मोजत नाही. दोघांनी मिळून वाट काढावी म्हणून तो मध्ये बसतो. तेथे पती-पत्नी एकमेकांविषयी जे बोलतात ते गोपनीय राहते.

मुलाची गोष्ट थोडी वेगळी. १८९० चा पालकत्वाचा कायदा आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनाही लागू आहे. मूल कोणाकडे राहावे हे ठरवताना मुलाचे हित पाहावे, असे तो सांगतो. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायालय त्याची इच्छाही विचारात घेऊ शकते. म्हणून समुपदेशक मुलाशी वेगळे बोलतात. आई हवी की बाबा, असा सरळ प्रश्न जाणता समुपदेशक टाळतो. अभ्यास कोण घेते, रात्री भीती वाटली तर कोणाला हाक मारतोस, भांडण झाले की तू कुठे जाऊन बसतोस, अशा बोलण्यातून तो मुलाचे मन जाणून घेतो. मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात असा अहवाल न्यायाधीशांना विचारात घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. आईवडिलांची गुपिते झाकली जावीत. पण मुलाचे दुःख झाकले जाऊ नये, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

शलमोन राजाचा न्याय आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन स्त्रिया, एक बाळ आणि तलवार. त्या बाळाला बोलता येत नव्हते. राजाने पारख केली ती मोठ्यांची. जिने बाळ जगावे म्हणून स्वतःचा हक्क सोडला, तीच त्याची आई ठरली. बाळ अर्धे-अर्धे करायला जी तयार झाली, ती हरली. आजच्या न्यायालयात तलवार नाही. ती आपणच घरून घेऊन जातो. ‘साहेबांसमोर असे सांग’ म्हणून मुलाला पढवतो तो नातेवाईक, पोटगी मिळेपर्यंत भेट नाही म्हणणारी आई, भेट नाही म्हणून शाळेची फी अडवणारा बाप, या सर्वांच्या हातांत तीच तलवार आहे. माणूस हा कधीही केवळ साधन नसतो, असे तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला शिकवले गेले. मुलाला सूड घेण्याचे साधन केले की त्या क्षणी आपण त्याचे पालक उरत नाही.

येथे आम्ही धर्मगुरूंनीही आपली चूक कबूल केली पाहिजे. ‘सांभाळून घे, क्रूस वाहा,’ असे आम्ही मार खाणाऱ्या स्त्रीलाही सांगितले आहे. हे चूक आहे. ख्रिस्ताने आपला क्रूस स्वतःहून स्वीकारला. दुसऱ्याच्या पाठीवर तो लादा असे त्याने कोणालाच सांगितले नाही. जेथे मारहाण आहे तेथे आधी सुरक्षितता, मग बोलणी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा त्यासाठीच आहे. स्त्रिया व मुले यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो; त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आणखी एक गैरसमज. धर्मप्रांताच्या न्यायालयाने विवाह अवैध ठरवला की सारे संपले, असे काहींना वाटते. तसे नाही. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय घटस्फोट ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले आहे. शिवाय असा निर्णय देतानाही, मुलांचे पालनपोषण व शिक्षण यांची जबाबदारी कायम आहे, याची आठवण दोघांना करून द्यावी असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. विवाह अवैध ठरला तरी आईपण आणि बापपण अवैध ठरत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत हरवतो. मरिया आणि योसेफ तीन दिवस त्याला शोधतात. सापडल्यावर मरियामाऊली काय म्हणते ते पाहा. ‘मी तुला शोधत होते,’ असे ती म्हणत नाही. तिच्या बोलण्यात आधी त्याचे वडील येतात, मग ती स्वतः. इतक्या यातनेतही मुलासमोर ती वडिलांना वगळत नाही. वेगळे राहणाऱ्या पालकांनो, एवढे एकच वाक्य तुमच्या मुलाला ऐकू द्या : ‘तुझे बाबा आणि मी.’ ‘तुझी आई आणि मी.’

आणि आपण इतर काय करू शकतो? अशा मुलाला ‘तू कोणाकडे असतोस?’ म्हणून चारचौघांत विचारू नका. समुपदेशकाकडे जाणाऱ्या जोडप्याविषयी वाड्यात कुजबुज करू नका. वैद्याकडे जाण्यात जशी लाज नाही, तशी यातही नाही. आमच्या दाराशी यायचे असेल तर कागद न्यायालयात जाण्याची वाट पाहू नका. येशूही सांगतो की, वादीबरोबर वाटेत असतानाच समेट करा. अजून वाटेतच असलेली काही घरे आपल्यात आहेत.

हे प्रभो, मोठ्यांच्या भांडणात मधे उभ्या असलेल्या प्रत्येक लेकराला तुझ्या हृदयाशी धर. आम्हांला तलवार खाली ठेवण्याचे बळ दे. आमेन.

आपले धर्मगुरू