फळ्या बदलल्या, नौका तीच?

१९१० साली इंग्लंडमधल्या शोरहॅमला बांधलेली ‘टॅली हो’ ही शिडाची लाकडी नौका २०१७ मध्ये नाममात्र किमतीला विकली गेली, तेव्हा ती अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर सडत पडली होती. १९२७ च्या वादळी फास्टनेट शर्यतीत जेमतेम दोन नौका शेवटपर्यंत पोहोचल्या. त्यांतली विजेती हीच!

घेणारा पडला नौका बांधणारा सुतार. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात आणि गंजाभोवतीचं लाकूड कुजतं. त्यामुळे तळाचा कणा, फासळ्या, फळ्या असं करत जवळपास सगळंच बदलावं लागलं. २०२४ मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली.

मग शर्यत जिंकलेली नौका हीच का?

ग्रीक वीर थीसियसच्या, फळ्या बदलत टिकवलेल्या जहाजाबद्दलचा हाच वाद प्राचीन लेखक प्लुटार्कने नोंदवला आहे. तत्त्वज्ञ हॉब्जने पेच वाढवला: काढलेल्या फळ्या जोडून दुसरं जहाज उभारलं, तर खरं कोणतं? ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक, आस की जू? एकही नाही, त्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो.

इथे नागसेनच पटतो. नव्या फासळ्या जुन्या सांगाड्यातच, त्याच्याच मापाने बसल्या. जुळणी तुटलीच नाही. बाजूला रचलेल्या कुजक्या फळ्यांना मात्र ‘टॅली हो’ म्हणता येत नाही, मग त्या १९१० च्या का असेनात.