पर्यायांचा धनी कोण?

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात बसा की मिहानमध्ये, चर्चा अडली की एक तोडगा हमखास पुढे येतो: ‘कॉन्फिगमध्ये टाकून देऊ.’ ग्राहकाला नक्की काय हवं ते ठरत नाही, ठरवायला कोणी पुढे येत नाही, आणि फाईलमध्ये आणखी एक पर्याय वाढतो. वर्षभरानं तो कोणासाठी ठेवला होता हे कुणालाच सांगता येत नाही. मला हे घातक वाटतं. पर्याय देताना, तो निर्णय कोणी घ्यायचा हे तरी आधी ठरलेलं असलं पाहिजे.

युनिक्समधल्या टिंबानं सुरू होणाऱ्या फायली, मग रेल्सनं रूढ केलेला ‘संकेत आधी, कॉन्फिगरेशन नंतर’ हा आग्रह, २०११चं ट्वेल्व्ह-फॅक्टर, हा प्रवास सर्वांच्या परिचयाचा आहे. जावास्क्रिप्टवाल्यांना प्लगइनची सवय लावली ती २००६च्या जेक्वेरीनं. प्लगइननं आपली डिफॉल्ट मूल्यं ठेवायची, वापरणाऱ्यानं हवी तेवढी बदलायची आणि ‘एक्स्टेंड’नं दोन्ही एकत्र करायची.

यातली मेख पाहा. समजा, कळमना बाजारातल्या अडत्यासाठी पावती छापणारं प्लगइन आहे. त्याच्या डिफॉल्टमध्ये ‘तारीख’ या गटात दोन गोष्टी आहेत: अंकांची लिपी आणि कालक्षेत्र. मराठी लोकेल दिलं की जावास्क्रिप्टचं ‘इंटल’ अंक आपोआप देवनागरीत देतं. हिंदीला मात्र १२३ असे न देता इंग्रजी वळणाचे देतं. हे कुठंतरी दूर आधीच ठरलेलं आहे. अडत्याला इंग्रजी अंक हवे असतात, म्हणून ‘तारीख’ गटात तो फक्त लिपी बदलतो. वरवरच्या विलीनीकरणात अख्खा गटच बदलतो आणि कालक्षेत्र गळून पडतं. सर्व्हर यूटीसीवर असला, तर पहाटे चारच्या आवकेची पावती आदल्या दिवसाच्या तारखेनं निघते. मग कोणी खोलवर विलीनीकरण करतो. तर अडत्यानं पाचाऐवजी तीनच रकाने मागितले तरी डिफॉल्टचे शेवटचे दोन शेपटासारखे लटकत राहतात.

आता ज्या वळणाचा सगळे चुकीचा अर्थ लावतात त्याकडे: जावास्क्रिप्ट कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या ‘लिंटर’ साधनांकडे. क्रॉकफर्डच्या जेएसलिंटमध्ये त्यांचीच आवड चाले. २०११मध्ये जेएसहिंटनं बटणं वाढवली. २०१३मध्ये सुरू झालेल्या झाकस यांच्या ईएसलिंटनं नियमच प्लगइनमधून आणण्याची सोय केली. पण त्याच्या जुन्या कॉन्फिगमध्ये प्लगइनचं नुसतं नाव लिहायचं, ते शोधून आणायचं काम साधनाचं. शिवाय प्रत्येक फोल्डरमधली फाईल वरच्या फोल्डरच्या फाईलशी जुळवली जाई. एखादा नियम कुठून लागू झाला हे शोधताना माणूस फोल्डरमागून फोल्डर चढत जाई.

ऑगस्ट २०२२मध्ये ईएसलिंटमध्ये ‘फ्लॅट कॉन्फिग’ आलं, एप्रिल २०२४च्या नवव्या आवृत्तीत तेच डिफॉल्ट झालं. बहुतेकांची तक्रार एकच: फाईलचं स्वरूप उगाच बदललं. पण जुनं कॉन्फिगही जावास्क्रिप्टमध्ये लिहिता येतच होतं! बदललं ते वेगळंच. आता प्लगइन तुम्ही स्वतः आयात करता, त्याला नाव तुम्ही देता, आणि एका यादीत नंतरचं आधीच्यावर मात करतं. निर्णयाचा मालक त्याच फाईलमध्ये दिसतो. दुसऱ्याचं तयार कॉन्फिग आपल्यात घेण्याची जुन्या कॉन्फिगमधली ‘एक्स्टेंड्स’ ही सोय फ्लॅट कॉन्फिगमध्ये नव्हती; २०२५मध्ये ती परत आली तेव्हा ‘पाहा, माघार घेतली’ असं म्हटलं गेलं. तेही मला पटत नाही, कारण फोल्डरची ती उतरंड काही परत आली नाही.

हाच विचार आपल्या अ‍ॅपला लावायला हवा. व्ह्यूमध्ये ‘अ‍ॅप.यूज’ला प्लगइन देतानाच त्याचे पर्यायही देता येतात; ते तिथेच असावेत, सगळ्यांच्या सामाईक कॉन्फिगमध्ये नकोत. ईएसलिंटचे नियम आपल्या पर्यायांचा स्कीमा स्वतः बाळगतात आणि चुकीचा पर्याय आला की थेट नाकारतात. प्लगइननंही तेच करावं. आणि पर्याय ठेवण्याआधी विचारावं, हा बदलणारा माणूस खरंच आहे का? कळमन्याच्या पावतीत अंकांच्या लिपीला तो आहे: अडत्या. कालक्षेत्राला कोणीच नाही. बाजार नागपुरात भरतो, तेव्हा भारतीय वेळ प्लगइनच्या आतच पक्की असावी. मग लिपी बदलताना ती गळून पडायला जागाच उरत नाही.